आतली कडी

३ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद लिहायला हात गेला होता, पण थांबलो. माझे आशीर्वाद तुला चालतात की नाही ते माहीत नाही. म्हणून नुसतं नाव लिहितो, तेही लहानपणचं. ते तरी तू माझ्याकडून काढून घेतलेलं नाहीस असं धरून चालतो.

काल दुपारी तिकडून तुझ्या वकीलबाईंचा फोन आला. तुझ्यावरची खोट्या तक्रारीची केस न्यायाधीशांनी काढून टाकली. मी शेडमध्ये खिडकीची चौकट जुळवत होतो. तुझी भाची एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी अशी फोन घेऊन धावत आली आणि ओरडली, "बाबा, आत्या सुटली!"

मी म्हटलं, "हळू बोल."

सवय, दुसरं काय. मग मीच म्हटलं, "नाही, मोठ्याने बोल. परत बोल." ती इतक्या जोरात ओरडली की समोरचा सायकलवाला हातात ट्यूब घेऊन बाहेर आला. "काय झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "बहीण सुटली माझी." कुठून सुटली ते त्याने विचारलं नाही. "अरे वा," म्हणाला आणि ट्यूब पाण्यात बुडवायला परत गेला.

आई शेंगा सोलत बसली होती. तिला आम्ही अकरा महिने 'कागदपत्रांची अडचण आहे' एवढंच सांगत आलो. आताही म्हटलं, "कागद सुटले तिचे." ती म्हणाली, "बरं झालं. जेवते ना ती वेळेवर?" आणि सोलत राहिली. थोड्या वेळाने तुझ्या वहिनीने बघितलं, तर टरफलं पातेल्यात होती आणि दाणे केराच्या सुपात.

मी शेडमध्ये जाऊन रंधा मारत बसलो. इंचाची चांगली फळी, तिला रंध्याची काही गरज नव्हती. अर्ध्या इंचाची झाली तेव्हा थांबलो. देवाकडे मी या अकरा महिन्यांत तुझ्यासाठी काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं. काल नुसतं सांगितलं, सुटली म्हणून. त्याला माहीत असणारच, पण सांगितलं.

वकीलबाई म्हणाल्या, तुझा पासपोर्ट तुझ्या हातात आलाय, तू हवं तर उद्या विमानात बसू शकतेस. पण तू बसणार नाहीस. त्या माणसावरची केस आता उभी राहणार, अठ्ठावीस एप्रिलची तारीख आहे, आणि तू त्यांना सांगितलंस, "अकरा महिने आरोपी म्हणून थांबले, आता दोन महिने फिर्यादी म्हणून थांबते." हे त्यांनी सांगितल्यावर मी फोनवरच हसलो. भिंगरीच बोलली, यात शंका नाही.

मलाही त्यांनी एक विचारलं. तुझ्या कागदांत माझा जुना जबाब आहे. तो तसाच राहिला तर त्या माणसाचा वकील सगळ्यात आधी तोच वाचेल. तो जबाब खोटा होता, हे मला तिकडच्या न्यायाधीशांना पडद्यावरून सांगावं लागेल, इथल्या कोर्टात बसून. "सांगाल का?" म्हणाल्या.

मी म्हटलं, "बघू."

हा शब्द तुझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

उत्तराची अपेक्षा नाही. पण पत्रं पाठवत राहणार आहे. नको असतील तर न उघडता ठेव.

— दादा


१२ मार्च

भिंगरी,

तुला जे माहीत आहे ते तुलाच सांगण्यात अर्थ नाही. पण मला काय काय माहीत आहे, ते तुला कळायला हवं. तू तोंडाने सांगणार होतीस तेव्हा मी ऐकलं नाही, कागदावरून वाचलं.

वकीलबाईंनी तुझ्या केसचे कागद आपल्या भाषेत करून पाठवले होते. त्यात आहे, की त्या हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या तुम्ही बायका दुपारी चादरींच्या खोलीत पाठ टेकता. त्या दिवशी तू एकटीच होतीस. मजल्याचा मॅनेजर आत आला. पुढचं मी इथे लिहीत नाही. तू ते पोलिसांना तीन वेळा सांगितलंस, चौथ्यांदा कागदावर आलं, पाचव्यांदा माझ्या हातून नको.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीत गेलीस. सात तास बसवलं. तिथे बाई नव्हती. एक जण ऐकायचा, उठून जायचा, दुसरा यायचा आणि म्हणायचा, "पहिल्यापासून सांगा." सांगण्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला की त्याखाली रेघ. आणि ते प्रश्न: काल का नाही आलात? ओरडला का नाहीत? अंघोळ का केलीत? दाराला आतून कडी असताना ती लावली का नाहीत?

तू म्हणालीस, आतून कडी नाही. दोन दिवसांनी त्यांनी तुझ्यापुढे फोटो टाकला. फोटोत कडी होती. मग एक कागद पुढे केला, "सही करा आणि घरी जा." तुला वाटलं, जाण्याची पावती. ती तक्रार खोटी असल्याची कबुली निघाली. संध्याकाळपर्यंत तूच आरोपी. पासपोर्ट जप्त, नोकरी गेली, आणि तू बायकांच्या आधारगृहात, सहा जणींच्या खोलीत.

आता माझं ऐक. हा गठ्ठा मला ऑक्टोबरात मिळाला. मी तो पटाश्यांच्या पेटीत खालच्या कप्प्यात ठेवला आणि डिसेंबरात उघडला. दोन महिने रोज त्याच पेटीतून पटाशी काढत होतो. वहिनीने विचारलं, "वाचलं का?" मी म्हटलं, "कामाची गडबड आहे." कसली गडबड! एक पाळणा आणि दोन स्टुलं.

उघडलं तेव्हा आधी फोटो बघितले, कारण वाचायला भीती वाटत होती. दाराच्या फोटोवर थांबलो. भाऊ म्हणून थांबलो नाही, ते तुला खरं सांगतो. धंद्याची खोड म्हणून थांबलो. दार जुनं, तीन-चार हात रंग चढलेलं. बिजागऱ्यांच्या स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजलेल्या. आणि कडीचे स्क्रू लखलखीत. कडी वर्षानुवर्षं सरकवली की दारावर तिची एक घासटलेली रेघ उमटते, तीही नव्हती. आणि दाराच्या मधल्या आडव्या पट्टीवर, कडीच्या बरोबर खाली, चिमूटभर काहीतरी पिवळं सांडलेलं. पोलिसाला ती धूळ वाटली असेल. धूळ करडी असते. तो भुसा होता. भोक पाडल्यावर पडतो तो, ताजा.

मी त्याच दिवशी वकीलबाईंना फोन केला. पुढचं तुला ठाऊक आहे. न्यायाधीशांनी माणूस पाठवून कडी काढायला लावली, तिच्याखाली शेवटच्या हातापर्यंतचा सगळा रंग शाबूत, म्हणजे कडी रंगानंतर बसवलेली. मग हॉटेलच्या दुरुस्तीवाल्याने कबूल केलं, की तुझ्या तक्रारीनंतर मॅनेजरच्या सांगण्यावरून त्याने ती बसवली. तोही आमच्या धंद्यातलाच. मी असतो तर जाताना फडकं फिरवलं असतं. बरं झालं, गडी आळशी निघाला.

वकीलबाईंनी माझं फार कौतुक केलं. तुझ्याकडेही केलं असेल. ते तू मनावर घेऊ नकोस. मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, भिंगरी. चिमूटभर भुशावर ठेवला. तू आठ महिने सांगत होतीस की कडी नव्हती, आणि मला ते खरं वाटलं ते फोटो बघितल्यावर.

— दादा


२५ मार्च

भिंगरी,

आज त्या फोनबद्दल लिहितो. तू कागदात वाचलंस, 'फिर्यादीच्या भावाचा जबाब, दूरध्वनीवरून, दुभाष्यामार्फत.' तीन ओळी आहेत. त्या तीन ओळी वाचल्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, आणि मी तुझ्या जागी असतो तर मीही बोललो नसतो. पण त्या ओळींच्या आजूबाजूला काय होतं, ते कागदात नाही.

सकाळचे अकरा वाजले असतील. हेडमास्तर फळ्याची चौकट न्यायला आले होते. पलीकडून एक माणूस आपल्या भाषेत पण परक्या चालीने बोलत होता. म्हणाला, तुमच्या बहिणीने पोलिसांत अशी अशी तक्रार केली आहे, तिच्यावर अत्याचार झाला असं ती म्हणते, तुम्हाला काही सांगितलं का?

तू आदल्या दिवशी मला फोन केला होतास. "दादा, माझ्यासोबत फार वाईट झालंय," एवढं म्हणून रडलीस, आणि मी म्हटलं, "उद्या बोलू, शांत हो, कुणाला सांगू नकोस." म्हणजे मला माहीत होतं. कळायला तेवढं पुरेसं होतं.

हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. भल्या माणसाने 'सावकाश होऊ द्या' अशी हाताने खूणही केली. मी त्यांच्याकडे बघून हसलो आणि फोनमध्ये म्हणालो, "काही झालेलं नाही. ती लहानपणापासून जरा घाबरट आहे. तिला घरी पाठवून द्या."

फोन ठेवला. हेडमास्तरांनी विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "हो, हो. काही झालेलं नाही."

एका मिनिटात दोनदा, त्याच शब्दांत. आपल्या घरात हे असंच. अण्णा शिडीवरून पडले आणि हात मोडला, शेजारी विचारायला आले तर आईने दारातूनच सांगितलं, "काही झालं नाही." आत अण्णा कण्हत होते. मला तेव्हा वाटलं नाही, की हा विचारणारा शेजारी नाही. तो लिहून घेतो आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्याने लिहिलं, आणि ते तुझ्यापुढे ठेवून म्हणाले, तुमचा भाऊसुद्धा म्हणतो, काही झालं नाही. त्यानंतर तू सही केलीस. वकीलबाईंनी सांगितलं मला. फोटो बघून केली नव्हतीस. माझ्या तीन ओळी वाचून दाखवल्या, आणि मग कशावर करतेस ते न विचारता, नुसतं तिथून निघायचं म्हणून केलीस.

आणि घाबरट! विहिरीत पहिली उडी तू मारलीस, मी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभा होतो.

तेव्हापासून सकाळी हात जोडले की तो दुभाषी कानात विचारतो, "तुम्हाला काही सांगितलं का?" आधी मला वाटायचं, ही शिक्षा आहे. आता वाटतं, देव परत परत विचारतोय, की अजून वेळ आहे, उत्तर बदलायचं का.

काल कोर्टात जाऊन अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "कशाबद्दल साक्ष?"

मी सांगितलं. हळू सांगितलं, तर म्हणाला, "ऐकू नाही आलं." मागे सात-आठ माणसं उभी होती. मोठ्याने सांगितलं.

"बहीण एकटीच होती तिकडे?"

"हो."

"एवढ्या लांब एकटीने जायचं काय काम होतं?"

तिकडच्या चौकीत तुला जे विचारलं, त्याचंच हे धाकटं भावंड. मी म्हटलं, "साहेब, हा प्रश्न अर्जात आहे का?"

त्याने अर्ज उलटसुलट बघितला. "नाही."

"मग शिक्का मारा."

मारला. बाहेर पायरीवर बसलो तेव्हा छातीत हलकं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. हेडमास्तर घरी आले. मला वाटलं, आता हे काय बोलणार. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "त्या दिवशी मी बाहेर जाऊन उभं राहायला हवं होतं." मी वहिनीला म्हटलं, चहा ठेव.

— दादा


८ एप्रिल

भिंगरी,

रविवारी तू आईशी बोललीस. फोन नेहमीसारखा तुझ्या भाचीच्या हातात, मी नेहमीसारखा पडवीत, आवाज ऐकू येईल पण शब्द कळणार नाहीत इतक्या अंतरावर. आईने फोन ठेवला आणि मला हाक मारली. "तिने सांगितलंय, दादाला सांग, पत्रं मिळतात. आणि अक्षर अजून तसंच आहे म्हणाली, उंदीर शाईतून चालत गेल्यासारखं."

मी दोनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा आई चिडली. "मी काय रेडिओ आहे?"

मग तिने मला शेजारी बसवलं. "आता तूही सांग. कागदपत्रांची अडचण म्हणजे नेमकी काय?"

मी सुरुवात केली, अडखळलो. तिने मधेच थांबवलं. "राहू दे. मला माहीत आहे. तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू मला सांगत नव्हतास. मला वाटलं, तुला झेपत नसेल."

अकरा महिने मी तिला सांभाळत होतो आणि ती मला. वहिनी आतून म्हणाली, "आणि मी दोघांना." आम्ही तिघंही हसलो, भिंगरी. ज्या गोष्टीवरून हसलो ती हसण्यासारखी नाही, पण हसलो. बऱ्याच दिवसांनी घरात मोठ्याने बोलणं झालं.

आईने आणखी एक सांगितलं. तुझ्या मधल्या खोलीचं. तू चौदा वर्षांची असताना मला म्हणाली होतीस, "दादा, माझ्या खोलीला आतून कडी लाव." मी म्हटलं होतं, "बघू." अण्णांना विचारलं, ते म्हणाले, "पोरीच्या खोलीला आतून कडी कशाला? बाहेरची आहे ना!" विषय संपला. तू रोज रात्री दाराला खुर्ची टेकवून झोपायचीस, हे मला माहीत नव्हतं. आईला होतं. सकाळी खुर्ची सरकल्याचा आवाज तिला यायचा. "मीही बोलले नाही," म्हणाली.

गावभर दारं-खिडक्या बसवत हिंडलो मी.

— दादा


२९ एप्रिल

भिंगरी,

काल तुला बघितलं. पडद्यावर खालच्या कोपऱ्यात, काड्यापेटीएवढी. केस कापलेस. छान दिसतात. हे तुला आईनेही सांगितलं असेल, कारण मी घरी येऊन सगळ्यात आधी तेच सांगितलं.

मला इथे एका छोट्या खोलीत बसवलं होतं. टेबल डुगडुगत होतं. मी कागदाची घडी करून त्याच्या पायाखाली सरकवली आणि मान वर केली तर पडद्यावर न्यायाधीशबाई माझ्याकडेच बघत होत्या. म्हटलं, झालं, पहिलंच दर्शन टेबलाखाली. शपथ घेतली. मी मनात एवढंच म्हटलं, की देवा, आज सरळ बोलता येऊ दे, बाकी काही नको.

त्या माणसाच्या वकिलाने काय विचारलं ते तू ऐकलंसच. तरी मी लिहितो, कारण मी घाबरलो होतो आणि नीट बोललो की नाही याची खात्री नाही. काही चुकलं असेल तर तू सांग.

तो म्हणाला, "तुम्ही तेव्हा सांगितलं, काही झालं नाही. आज सांगता, झालं. खोटं तेव्हा बोललात की आज?"

"तेव्हा."

"का?"

"साहेब, आमच्या घरात विचारणाऱ्याला असंच सांगतात. आग लागली तरी म्हणतात काही झालं नाही, आणि मागच्या दाराने बादल्या नेतात."

दुभाषीबाईने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. ती बोलत असताना तू तोंडावर हात ठेवलास. रडतेस की काय, म्हणून माझा जीव वर आला. मग तुझे खांदे हलले. तू हसत होतीस. भर कोर्टात! मला तिथेच इतकं बरं वाटलं की पुढचा प्रश्न पहिल्यांदा ऐकूच आला नाही.

तो परत म्हणाला, "बहीण घाबरट आहे, असंही तुम्ही म्हणालात. तेही खोटं?"

"तेही खोटं. घाबरट मी आहे. माझ्याबद्दलचं तिच्या नावावर सांगितलं."

दुभाषीबाईने ते हळू आवाजात सांगितलं. तू हसायची थांबलीस आणि सरळ पडद्याकडे बघितलंस. तुमच्याकडून मी किती मोठा दिसत होतो ते माहीत नाही. पण तू मलाच बघत होतीस. एक वर्षाने.

न्यायाधीशबाईंनी शेवटी विचारलं, त्या दिवशी फोनवर तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, की हा जबाब बहिणीविरुद्ध वापरला जाईल? मी म्हटलं, "नाही." त्यांनी ते लिहून घेतलं. पण मी विचारलं, "आणखी एक बोलू का?" बोला म्हणाल्या. म्हटलं, "सांगितलं असतं तरी त्या दिवशी मी तेच बोललो असतो. हेही लिहा." लिहिलं.

बाहेर आलो तेव्हा लख्ख ऊन होतं. वहिनी पायरीवर डबा घेऊन बसलेली. म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "झालं." आणि मग तिथेच बसून आम्ही जेवलो, कोर्टाच्या पायरीवर, सगळ्यांदेखत. मी दोन माणसांचं जेवलो.

— दादा


२० जून

भिंगरी,

वकीलबाईंचा फोन झाला, तुझाही झाला. तू माझ्याशी बोललीस ते पावणेदोन मिनिटं, भाचीने मोजली. "दादा, तो दोषी ठरला." मी "हो" म्हटलं. तू "हो" म्हटलंस. मग आई मागून, "अरे बोला, फोन काय बघत बसायला असतो?"

निकाल मी समजून घेतला. मॅनेजरला चार वर्षं. कडी बसवायला सांगितली त्याचे वेगळे सहा महिने. तुला न वाचता येणारा कागद पुढे करणाऱ्या पोलिसांना काही नाही. न्यायाधीशबाईंनी निकालात 'चौकशीची पद्धत खेदजनक होती' एवढं एक वाक्य लिहिलं. एका वर्षाला एक वाक्य. वकीलबाई म्हणाल्या, तेही सहसा लिहीत नाहीत. तू म्हणालीस, त्या चौकीत परवा आणखी एक मुलगी गेली, तू तिच्यासोबत जाऊन बसलीस, आणि ती सही करायला लागली तेव्हा तू तिचा हात धरलास. हे ऐकून मला निकालापेक्षाही मोकळं वाटलं. का ते अजून नीट कळलेलं नाही.

तू तिकडेच राहणार, नवी नोकरी बघणार, हेही ऐकलं. मी 'घरी ये' म्हणणार नाही. ते मी एकदा चुकीच्या माणसाला सांगून बसलो आहे.

— दादा


२ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद. आता लिहितो.

तुझं पत्र काल आलं. दोन ओळी. "पंधरा दिवसांसाठी येते आहे. मधल्या खोलीला कडी आहे का?"

आज सकाळी प्रार्थना झाल्यावर गिरमिट घेऊन तिथेच गेलो. आई खाटेवरून बघत होती. मी आतल्या बाजूला खूण करायला लागलो, तर म्हणाली, "आधी बाहेरची काढ."

खरंच की. बाहेरची काढली. अण्णांनी बसवलेली, स्क्रू गंजून लाकडात रुतलेले, शेवटच्याला अर्धा तास लागला. तिची चार भोकं तशीच ठेवली आहेत. ती लांबीने बुजवून रंग मारला असता तर काहीच नव्हतं असं दिसलं असतं.

मग आतली बसवली. पितळी, जाड, तुझ्या हाताच्या उंचीवर. भुसा पडला तो पुसला नाही. तू आल्यावर बघ आणि मग तूच झटक.

वहिनीला आत पाठवलं. म्हटलं, लाव. तिने लावली, सरकल्याचा आवाज छान आला, एकच. मी बाहेरून हाताने ढकललं. मग खांदा लावला. मग भाचीला बोलावलं आणि आम्ही दोघांनी मिळून जोर लावला. आतून वहिनी हसत म्हणाली, "ढकला, ढकला, जेवला नाहीत का?"

नाही उघडलं.

— दादा